राणी रंगाची सॅक

बॅग घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी रंग बघतं, मग खिसे मोजतं आणि शेवटी चेन दोन-तीनदा खरर्र-खरर्र ओढून बघतं. पाठीला लावून कुणी बघत नाही. नाशिकला रविवार कारंज्याजवळच्या एका बोळात मी आणि माझी जाऊ कुसुम, आम्ही दोघींनी वीस-बावीस वर्षं बॅगा शिवल्या. कापड, चेना, बकलं आणायचं काम आमच्या घरच्यांचं, मशीन आमच्या दोघींची. शाळेची दप्तरं, डॉक्टरांच्या बॅगा, औषधविक्रेत्यांच्या नमुन्यांच्या पेट्या, जे म्हणाल ते. पुढे मॉलमध्ये तयार माल आला आणि आमच्या बोळात कुणी वळेनासं झालं, म्हणून दुकान बंद केलं. त्याचं वाईट वाटतं, पण रडत बसण्याइतकं नाही, कारण त्या वीस-बावीस वर्षांत आम्ही दोघी जेवढं हसलो तेवढं घरात बसून हसलो असतो असं मला वाटत नाही.

गिऱ्हाइकंच तशी यायची. विंचूरचे एक कांदा व्यापारी आले, म्हणाले, "वहिनी, अशी बॅग शिवा की तिला कांद्याचा वास लागता कामा नये. जावयाकडे जायचंय." आम्ही आतून मेणकापड लावून दिली. आठवड्याने परत आले. बॅगेला वास नव्हता, पण जावयाने दार उघडताच विचारलं, "मामा, थेट मार्केटातून आलात का?" वास मामांनाच होता. त्यावर आमच्याकडे उपाय नव्हता. नांदगावच्या एका बँडवाल्याला क्लॅरिनेटची अशी खोळ हवी होती की पावसात खोळ न काढता वाजवता यावं. कुसुमने त्याला तीही शिवून दिली. आवाज कसा येतो ते मात्र त्याने आम्हाला कधी सांगितलं नाही.

पण आज सांगायची आहे ती निकम सरांची गोष्ट.

निकम सर शाळेत भूगोल शिकवायचे. मूळचे सटाण्याकडचे, अंगाने थोराड, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापलीकडे जाणारा. त्यांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्यांची एक टोळी जमवली होती. दर महिन्याला एक डोंगर. हरिहर, रामशेज, अंजनेरी, धोडप, जिल्ह्यात डोंगरांना तोटा नाही. आणि या टोळीत सरांची ओळख एकच होती. सगळ्यात मोठी सॅक सरांची. देवळालीच्या जुन्या बाजारातून घेतलेली, जाड कॅनव्हासची, पाठीला लोखंडी सांगाडा असलेली. तिचा तुटलेला पट्टा शिवायला ते दर पावसाळ्यानंतर आमच्याकडे यायचे आणि आमच्या मशीनची एक सुई दरवेळी त्या कॅनव्हासमध्ये मोडायची.

दोन हजार साल उलटून गेल्यावरची गोष्ट. सर दुकानात आले ते एका बाजूला झुकून. चालणं असं, की पायाखालची जमीन तिरकी आहे असं वाटावं. कुसुमने पटकन स्टूल सरकवलं. सर सावकाश टेकले आणि म्हणाले, "वहिनी, मणका सरकलाय. डॉक्टर म्हणतात, डोंगर चालेल, ओझं चालणार नाही. आता मला अशी सॅक द्या की ती पाठीवर असून नसल्यासारखी वाटली पाहिजे."

मी म्हटलं, "आधी ही जुनी किती भरते ते बघू."

शेजारी बटाटेवाले पवार. त्यांच्या तराजूत आम्ही सरांची सॅक घातली, अगदी रिकामी, खिसे झटकून. पवारांनी काटा बघितला, परत बघितला आणि म्हणाले, "सर, यात बटाटे राहिलेत का?" नव्हते. नुसतं कापड, लोखंड आणि बकलंच तीन किलोच्या वर गेली होती.

सरांनीही काटा बघितला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी सॅकलाच फिरवून आणत होतो."

बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते. सॅकमध्ये जड काय असतं, तर सांगाडा, फोम, जाड चेना आणि नको तेवढे खिसे. हे सगळं काढलं की उरते ती नुसती पिशवी आणि दोन पट्टे. ती हलकी होते, पण मग तिच्यात थोडंच सामान घालायचं असतं. हलक्या सॅकमध्ये जड सामान भरलं, तर ती पाठ सोडून लोंबते आणि दोन्ही खांद्यांना मागे ओढते. त्यापेक्षा जड सॅक बरी. म्हणून मी येणाऱ्याला सांगायचे, सॅक सगळ्यात शेवटी घ्या. आधी काय नेणार ते आणून दाखवा. किती मोठी लागेल, कुठलं कापड लागेल, पट्टे किती रुंद हवेत, हे सगळं त्या ढिगावरून ठरतं. आणि माप घ्यायचं ते उंचीचं नाही. मानेखालचं वर आलेलं हाड ते कमरेचं हाड, एवढी पाठ मोजायची. कधी उंच माणसाची पाठ आखूड असते, कधी बुटक्याची लांब निघते. मी कित्येकदा बघितलंय.

सरांना सांगितलं, "उद्या सगळं सामान घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सर रिक्षातून उतरले. रिक्षावाल्याने तीन खेपा केल्या. दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. रॉकेलचा स्टोव्ह, रॉकेलचा डबा, भलं मोठं पातेलं, लोखंडी तवा, पितळी तांब्या, तीन बॅटऱ्या, दोर, छत्री, दुसरी छत्री, कुणाची तुटली तर म्हणून दोन-तीन मापांच्या चपला, औषधांचा डबा, सतरंजी. कुसुम एकेक वस्तू उचलून बघत होती. तिच्या हाताला शेवटी कागदात गुंडाळलेलं काहीतरी जड लागलं. उघडलं तर विळी.

"सर," ती म्हणाली, "ही कशाला?"

"काकडी चोचवायला."

कुसुमने माझ्याकडे बघितलं आणि जी हसायला लागली ती मशीनवर डोकं टेकून. मला वाटलं सर रागावतील, पण तेही हसायला लागले आणि हसता हसता कमरेत कळ आली म्हणून कण्हायला लागले. हसणं आणि कण्हणं असं एकदमच चाललं होतं. पवार बटाटे सोडून बघायला आले.

मग आम्ही दोन ढीग करायला घेतले. एक न्यायचा, एक ठेवायचा. स्टोव्ह ठेवायच्या ढिगात टाकला की सर तो उचलून न्यायच्या ढिगात ठेवायचे. पातेल्याचंही तसंच. दोराचंही. शेवटी मी विचारलं, "सर, हे सगळं तुम्हालाच का न्यायचं? खिचडी खाणारे बाकीचेही आहेत ना?"

 सर तांब्या हातात घेऊन फिरवत बसले. मग म्हणाले, "वहिनी, ही पोरं आता तिशी-चाळिशीची. माझ्यापेक्षा भराभर चढतात. मला सोबत नेतात ते का? तर सरांकडे सगळं मिळतं. चप्पल तुटली, सर. डोकं दुखलं, सर. भूक लागली, सर. उद्या मी रिकाम्या हाताने गेलो, तर मला कोण नेईल? मागे राहणारा म्हातारा कुणाला हवा असतो?"

कुसुमचं हसणं थांबलं. मी मास्तरीण नाही, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला. मी नुसतं म्हटलं, "एकदा जाऊन बघा. नाही नेलं, तर परत कॅनव्हासची सॅक आहेच. आम्ही सुया आणून ठेवू."

ते पटलं असावं. सरांनी आपल्या हाताने विळी उचलली आणि ठेवायच्या ढिगात ठेवली. मग तवा. मग दुसरी छत्री. शेवटी न्यायच्या ढिगात उरलं ते एक पांघरूण, एक कपड्यांचा जोड, एक बॅटरी, चहाचा मग, पाण्याची बाटली, गोळ्या आणि फोमची पातळ चटई. एवढासा ढीग बघून सर म्हणाले, "एवढ्यावर मी दवाखान्यातसुद्धा राहिलो नसतो."

आता कापड. कॅनव्हास जड, रेक्झिन जड, मॅटी म्हणून जे दप्तरांचं कापड असतं तेही जडच. छत्रीचं कापड घेऊन बघितलं, ते पहिल्याच टिपेला चरचर फाटत गेलं. मग घरच्यांनी अंबडमधल्या एका रेनकोट शिवणाऱ्याकडून उरलेला तागा आणला. नायलॉनचं, हाताला कागदासारखं, पण दोघींनी दोन टोकं धरून ओढलं तरी फाटेना. एकच अडचण होती. त्याचा रंग राणी होता. लांबून डोळ्यात भरेल असा चक्क राणी. दुसरा रंग शिल्लक नव्हता.

सरांना दाखवलं. सरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. म्हणाले, "भूगोलाच्या मास्तराला चालेल का हो हा?"

कुसुम म्हणाली, "सर, नकाशात नाही का असे रंग असतात?"

"असतात," सर म्हणाले, "पण ते पाठीवर घेऊन फिरत नाहीत."

शेवटी घेतलाच. सॅक शिवायला मला फार मजा आली. चेन नाही, वर नुसती नाडी. खिसा एकच. पाठीला सांगाडा नाही, त्याऐवजी सरांची चटईच घडी घालून आत उभी राहील असा कप्पा. चटई तर न्यायचीच होती, तिनेच पाठीचं काम करायचं. जिथे पट्टे जोडतात तिथे मात्र मी कंजुषी केली नाही, टिपेवर टीप मारली. मग सॅकमध्ये दोन वरवंटे घालून दुकानाच्या शटरच्या हुकाला टांगली. कुसुम म्हणाली, "एवढ्याने काय कळणार," आणि स्वतःच पट्ट्याला लोंबकळली. पवारांची बायको बाहेर येऊन म्हणाली, "अगं, वय काय तुझं." पट्टा टिकला. तराजूत घातली तर पवारांनी छोटी वजनं शोधायला सुरुवात केली. अर्धा किलोही भरली नाही.

सर न्यायला आले आणि म्हणाले, "एकच अट. वहिनी, तुम्ही साल्हेरला चला. शिवणाऱ्याने बघायला नको का?"

मी पन्नाशी ओलांडलेली. डोंगर म्हणजे पांडवलेणीच्या पायऱ्या आणि सप्तशृंगीचं दर्शन, एवढीच माझी मजल. साल्हेर म्हणजे महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, नाहीतर हो म्हटलं नसतं. पण उरलेल्या कापडात माझीही एक सॅक निघत होती. तेवढ्यासाठी मी हो म्हणून बसले.

डिसेंबर होता. जीप साल्हेरच्या पायथ्याच्या वाडीत थांबली. टोळीतले सहा-सात जण आधीच येऊन उभे होते. त्यांचा म्होरक्या नंदू, सरांचा जुना विद्यार्थी, आता बँकेत. सर उतरले. पाठीवर ती राणी रंगाची एवढीशी सॅक. नंदू जीपच्या मागे जाऊन वाकून बघून आला.

"सर," तो म्हणाला, "बाकीचं मागच्या गाडीने येतंय का?"

"बाकीचं काही नाही. पाठ दुखते माझी."

मी सरांच्या चेहऱ्याकडे बघत होते. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी पोरांचा असतो तसा झाला होता. नंदूने डोकं खाजवलं. मग जीपच्या ड्रायव्हरला विचारून वाडीतून एक पातेलं आणि तांदूळ-डाळ आणली, पातेलं एकाच्या डोक्यावर पालथं घातलं, तांदूळ-डाळ दुसऱ्याच्या सॅकमध्ये कोंबली आणि म्हणाला, "चला. आज सर पुढे."

सर पुढे निघाले. आणि काय सांगू, तो माणूस उडत होता. कातळात कोरलेल्या पायऱ्या आल्या, तर मागे वळून आम्हाला त्या खडकाचं नाव सांगतोय. दरवाजा आला, तर थांबून इतिहास सांगतोय. पूर्वी म्हणे ते शेवटी, मान खाली घालून, घामाने थबथबून यायचे आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. नंदू मला म्हणाला, "काकू, सरांना एवढं बोलता येतं हे आम्ही शाळा सुटल्यापासून विसरलो होतो." मीही काही मागे नव्हते. पाय दुखत होते, छाती भात्यासारखी चालली होती, पण पाठीवर काही आहे असं वाटतच नव्हतं. प्रत्येक दरवाज्यापाशी मी हात मागे नेऊन माझी सॅक आहे ना ते चाचपून बघत होते.

रात्री वरच्या गुहेत राहिलो. खिचडी नंदूने केली, खाली लागली, सगळ्यांनी खाल्ली. सकाळी अगदी माथ्यावर गेलो, जिथे परशुरामाचं लहानसं देऊळ आहे. तिथून चारी बाजूंना नुसते डोंगर. सर एकेकाचं नाव घेत होते, मांगी-तुंगी, सालोटा, मुल्हेर. वारा असा होता की पदर कमरेत खोचून वर सेफ्टी पिन लावावी लागली.

तिथे नंदूने विचारलं, "सर, खरंच किती हलकी आहे हो ही?"

सरांना तेवढंच हवं होतं. त्यांनी सॅक उतरवली, पांघरूण, कपडे, चटई, चहाचा मग, सगळं देवळाच्या कट्ट्यावर काढलं आणि रिकामी सॅक तळहातावर ठेवून हात पुढे केला. "हे बघ. जाणवतंय का काही? मला तर जाणवतच..."

सॅक गेली.

म्हणजे आधी ती फुगली, मग तळहातावर उभी राहिली आणि मग निघालीच. नंदूने झेप घेतली, त्याच्या हाताला पट्टा लागून सुटला. कड्याच्या पलीकडे जाऊन ती खाली पडण्याऐवजी वर गेली. निळ्या आभाळात राणी रंगाचा ठिपका, गिरक्या घेत. दोन्ही पट्टे बाजूला पसरलेले, जसं काही कुणी हात सोडून पोहतंय. आम्ही सगळे तोंड उघडं टाकून बघत होतो. सर अजून तळहात पुढे करूनच उभे होते.

"नाही जाणवत," ते म्हणाले.

मग जे हसू सुटलं ते आवरेना. मी देवळाच्या कट्ट्यावर बसले, पोट धरून. नंदू गवतात आडवा झाला. एकजण उचकी लागून पाणी मागत होता आणि देणाऱ्याला हसण्यामुळे बाटलीचं झाकण उघडता येत नव्हतं. सर आधी गंभीर राहायचा प्रयत्न करत होते, मग तेही माझ्या शेजारी बसले आणि डोळे पुसत म्हणाले, "वहिनी, मी हलकी मागितली होती. एवढी नव्हती मागितली."

हसू ओसरल्यावर सर उठले आणि आपलं सामान गोळा करायला लागले. पांघरूण काखेत, चटई दुसऱ्या काखेत, चहाचा मग बोटात अडकवला. तेवढ्यात नंदूने पांघरूण ओढून घेतलं. दुसऱ्याने चटई. तिसऱ्याने कपडे आपल्या सॅकवर बांधले. मी चहाचा मग आणि बॅटरी घेतली. बाटलीसुद्धा एकाने घेतली.

"अरे, मला काहीतरी राहू द्या," सर म्हणाले.

नंदू म्हणाला, "सर, तुम्ही आमच्या चपलासुद्धा वाहिल्यात. आता गप चला."

सर खरंच गप झाले. उतरताना दोन्ही हात मोकळे सोडून चालत होते आणि त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नसल्यासारखं दिसत होतं. कधी मागे बांधायचे, कधी खिशात घालायचे. एका पायरीवर थांबून त्यांनी नाक शिंकरलं. नंदूने पुढे बघून चालत राहायचं शहाणपण दाखवलं.

खाली वाडी जवळ आली तेव्हा एका शेताच्या बांधावर एक बाई उभी होती. लुगड्याचा काचा मारलेला, हातात विळा. आणि तिच्या छातीशी आमची सॅक. तिने ती उलटी, पुढून अडकवली होती. माझे डोळे आधी पट्ट्यांच्या टिपांवर गेले. एकही उसवली नव्हती. एका कोपऱ्याला काटा लागून जरा फाटलं होतं, तेवढंच.

"ही तुमनी शे का?" तिने विचारलं.

सरांना आपल्या गावाकडची बोली ऐकून हसू आलं. "हाव, मनी शे. कोठे सापडनी?"

"सापडनी नही," बाई म्हणाली. "मन्हा डोकावर पडनी."

तेवढ्यात सॅक हलली. नाडीतून आधी दोन कान बाहेर आले, मग काळं ओलं नाक. शेळीचं करडू होतं, काल-परवा जन्मलेलं असावं. बाई सांगत होती, शेळी शेतातच व्याली, करडू अजून नीट चालत नाही, एका हातात करडू घेतलं की विळा चालवता येत नाही आणि खाली ठेवलं की शेळी चरायची सोडून ओरडत बसते. सकाळी आभाळातून ही पिशवी आली आणि सगळं सोपं झालं. मागे शेळी उभी होतीच, शांत, रवंथ करत.

बाईने नाडी सैल करायला घेतली. "पिलू काढू का मंग?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे गेले आणि तिला म्हटलं, "बाई, उलटी नको घालू. पाठीवर घे, म्हणजे वाकता येईल." तिला कळलं. मी तिच्या खांद्यांवरून पट्टे घातले, तिच्या पाठीला येतील एवढे आवळले, कमरेपाशी सैल वाटत होतं तिथे एक गाठ मारली. करडाने माझी बोटं चाटली. तिने वाकून दोन मुठी गवत कापून बघितलं, सरळ झाली, परत वाकली आणि हसली. दात किडलेले होते, पण हसू असं की मी वीस-बावीस वर्षांत कुठल्याही गिऱ्हाइकाच्या तोंडावर तसं बघितलं नव्हतं.

"ऱ्हाऊ दे," सर तिला म्हणाले. "तुलेच ऱ्हाऊ दे."

ती बांधावरून निघाली. मागे शेळी, आणि बाईच्या पाठीवरून करडू आमच्याकडे तोंड करून बघत होतं, कान वाऱ्यावर. ते एकदा बारीक आवाजात ओरडलं. निकम सरांनी दोन्ही मोकळे हात वर करून त्याला, वर्गाच्या शेवटच्या बाकापलीकडे जाणाऱ्या आवाजात, तसंच उत्तर दिलं.